बुंदी झोपेला आली होती

“ताई, रविवारी आम्ही तिला परत देऊन येणार. उद्या जमलं तर या, नाहीतर राहू द्या.”

शुक्रवारी रात्री साडेदहाचा फोन. बोलणाऱ्या बाईंचा आवाज रडवेला झालेला आणि मागून एक पिल्लू चिरक्या आवाजात भुंकतंय, थांबायचं नाव नाही. याच घरातून दोन आठवड्यांपूर्वी मला पहिला फोन आला होता. तेव्हा मी फोनवरच सांगून मोकळी झाले होते: शूचं पॅड एका जागी ठेवा, चावली की खेळणं पुढे करा, दर तासाला शूला न्या. 11 वर्षं मी घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवते. पिल्लू डोळ्यांनी बघितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही हा माझाच नियम, आणि तो मीच मोडला होता. म्हणून शनिवारच्या दोन्ही भेटी पुढे ढकलल्या आणि सकाळी नऊला सिंहगड रोडवरच्या त्या सोसायटीत पोचले. जूनचा शेवट, बाहेर पावसाची रिपरिप.

घरात नोकरी करणारे नवरा-बायको, तिसरीतला मुलगा आणि साताऱ्याकडच्या आजी. आणि बुंदी. शिह त्झू जातीची, पावणेदोन किलोची, डोळ्यांवर केस आलेली. चिनी भाषेत शिह त्झू म्हणजे सिंह. दार उघडल्या उघडल्या ही सिंहीण माझ्या ओढणीला लटकली.

मी सगळ्यांना सांगितलं, तासभर मी कोपऱ्यात बसते, तुम्ही रोज वागता तसंच वागा. वही काढली आणि बघत राहिले.

तासाभरात बुंदीने सहा वेळा शू केली. सोफ्याजवळ, पायपुसण्यावर, देवघरासमोर. प्रत्येक वेळी रुपयाएवढा ठिपका, जास्त नाही. मुलगा पळाला की ती त्याच्या पोटऱ्यांवर, तो किंचाळला की आणखी जोरात. आजी खाली बसून भाजी निवडत होत्या, तर त्यांच्या हाताला चार वेळा चावली आणि पदर दातांत धरून ओढत सुटली. शेवटी वडिलांनी टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्याची सुरळी केली. मारलं नाही, नुसती केली. बुंदी तिथल्या तिथे चपटी झाली, कान मागे, नजर दुसरीकडे, आणि अंगाखाली शू.

“बघा! मुद्दाम करते. ओरडलं की माझ्या समोरच करते,” ते म्हणाले.

हे वाक्य मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात ऐकते आणि दर वेळी मला तितकंच वाईट वाटतं. पिल्लू घाबरून शू करतं तेव्हा ते सूड उगवत नसतं. लहान कुत्रा मोठ्या कुत्र्यापुढे जे सांगतो तेच ते सांगत असतं: मी लहान आहे, मला काही करू नका. त्यावर पुन्हा ओरडलं तर ते आणखी कळकळीने तेच सांगणार, म्हणजे आणखी शू करणार.

मी विचारलं, “तिला शू करायला तुम्ही पहिल्यांदा कशावर शिकवलंत?”

“पेपर अंथरून. सगळे तसंच सांगतात.”

“आणि मार कशाने?”

ते हातातल्या सुरळीकडे बघत राहिले. पुढे मला काही बोलावं लागलं नाही. पेपरनंतर पॅड आणलं होतं, पण ते ठेवलं होतं ड्राय बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनला खेटून. मशीन फिरायला लागलं की तिथली फरशीसुद्धा थरथरते. मोठी माणसं रोज ऐकून सरावतात. पावणेदोन किलोचं पिल्लू तिथे पाय टाकत नाही. आणि घरात जिथे तिथे झालेली शू काळ्या फिनाइलने पुसली जात होती. फिनाइलने आपल्या नाकाला वास लपतो, कुत्र्याच्या नाही. ते पंजांना लागतं, पंजे चाटले की पोटात जातं, आणि लहान जातीच्या पिल्लाला ते फार घातक. मी त्यांना एन्झाइमवालं क्लीनर आणायला सांगितलं, तोवर पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर.

मग मी लसीकरणाचं कार्ड मागितलं. जन्मतारीख बघितली, घरी आणल्याची तारीख विचारली, बोटांवर मोजलं. 38 दिवस. 2017 मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असं स्पष्ट म्हटलंय. बुंदी साडेपाच आठवड्यांची असताना आईपासून तोडून विकली गेली होती. या मंडळींना हे ठाऊक नव्हतं. विकणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

कारण ते मधले अडीच-तीन आठवडे फार मोलाचे असतात. भावंडं एकमेकांना चावतात, जोरात लागलं की दुसरं कळवळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईला दुधाच्या वेळी दात लागले की ती उठून जाते. किती जोराने चावायचं हे पिल्लू तिथे शिकतं. बुंदीची ती शाळा सुरू होतानाच बंद पडली होती. आता ती साडेदहा आठवड्यांची. “दात येताहेत म्हणून चावते ना?” असं मुलाच्या आईने विचारलं. नाही. दुधाचे 28 दात तोवर आलेले असतात, सुईसारखे टोकदार, आणि पक्के दात चौथ्या महिन्याच्या सुमाराला यायला लागतात. हिचं चावणं दातांसाठी नव्हतं.

आजींचे हात मी जवळून बघितले. मनगटाजवळ दोन ठिकाणी कातडी फुटून रक्त आलं होतं, त्यावर हळद दाबलेली. बुंदीला रेबीजची लस मिळालेली नव्हती, ती साधारण तीन महिन्यांनंतर देतात. तिची आई कुठली, तिला लस होती का, कुणालाच माहिती नाही. “एवढ्याशा पिल्लाचं काय घेऊन बसलात,” आजी म्हणाल्या. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावली, घड्याळ लावून, आणि वडिलांना सांगितलं की आजींना आजच्या आज डॉक्टरकडे न्यायचं. इंजेक्शनं लागतील की नाही, किती लागतील, ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

एवढ्यात अकरा वाजले आणि बुंदीच्या अंगातच आलं. सोफ्याभोवती गरगर फेऱ्या, पडद्याला हिसके, मुलाच्या चड्डीला झोंबणं, माझ्या वहीचा कोपरा गायब. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मुलाला म्हटलं, “झाड हो. हात छातीशी, पाय फरशीला चिकटलेले, तोंडातून आवाज नाही.” तो खरंच झाड झाला. बिचाऱ्याने श्वाससुद्धा रोखून धरला. बुंदीने त्याला सोडलं आणि पायपुसणं धरलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाल्या, “झोपेला आलीय ती. आठ दिवस सांगतेय, माझं ऐकतंय कोण?”

मी त्यांच्याकडे बघितलं. “आजी, आज किती वाजता उठली ही?”

“पावणेसहाला. तेव्हापासून डोळा लागलेला नाही. उचलायचं, खेळवायचं, फोटो काढायचे. पोर झोपेला आलं की किरकिर करतं, हात-पाय झाडतं, चावतं. हिचं काय वेगळंय?”

माझ्या वहीत शूचे सहा ठिपके वेळेसकट होते. झोपेचा रकाना मी आखलाच नव्हता. या वयाचं पिल्लू दिवसातून 18 ते 20 तास झोपतं हे मी शंभर घरांत सांगितलंय, आणि इथे सव्वापाच तास जागं असलेलं पिल्लू समोर थयथयाट करत असताना मी त्याचे दात बघत बसले होते.

टीव्हीचं मोठं खोकं रिकामं होतं. ते आडवं केलं. आजींनी त्यांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घडी करून आत घातलं. पडदे ओढले, टीव्ही बंद, मुलाला आतल्या खोलीत चित्रं काढायला बसवलं. आजी खोक्याच्या तोंडाशी पाठ करून बसल्या, हाताने न थोपटता, तिच्याकडे न बघता. दोन मिनिटं लुगडं ओरबाडण्याचा आवाज आला. चौथ्या मिनिटाला घोरणं.

बुंदी दोन तास झोपली. पाच आठवड्यांत दिवसाची एवढी शांतता या घराने ऐकली नव्हती. मुलाची आई चहा करता करता रडली. तेवढ्या वेळात मायलेक डॉक्टरकडे जाऊन आले. पहिलं इंजेक्शन झालं, पुढच्या तारखा चिठ्ठीवर आल्या. आजींना गेटपाशी सोडून वडील ऑफिसला गेले.

पण ते रुपयाएवढे ठिपके माझ्या डोक्यातून जात नव्हते. लहान जातीची मूत्राशयं छोटी असतात, तासा-तासाला शू लागते, हे खरं. दहा-दहा मिनिटांनी थेंबभर होणं हे काही वेगळं असतं. म्हणून बुंदी उठण्याआधीच मी आजींकडे एक पळी मागितली. उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केली.

सव्वा वाजता खोक्यात हालचाल झाली. उठल्या क्षणी तिला खाली पाय ठेवू न देता आजींनी उचललं आणि हॉलच्या बाल्कनीत नेलं. मशीन नाही, पेपर नाही. तिथे आजी वाकल्या आणि तोंडाने हळूच म्हणाल्या, “शूऽऽ... शूऽऽ...”

आपल्याकडे पोरांना पायांवर बसवून असंच करतात. पिढ्यान्पिढ्या. आवाज आणि क्रिया यांची सांगड घालायची, मग नुसत्या आवाजाने काम होतं. माझ्या धंद्यात त्याला क्यू म्हणतात आणि तो शिकवायला मी चार पानी टिपण देते. आजींनी टिपणाशिवाय केलं. एकच भर मी घातली: सुरुवातीला ती बसायला लागली की मगच आवाज, आणि उठली की त्याच क्षणी बक्षीस, उकडलेल्या अंड्याचा कण. आजी बेदाणा द्यायला निघाल्या होत्या, तो थांबवला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

बुंदी बसली, मी पळी खाली सरकवली. जेमतेम चमचाभर आलं, गुलाबीसर. ती पुन्हा बसली, कुंथली, थेंब. पुन्हा बसली. मुलाची आई एकदम म्हणाली, “ताई, हे तर रक्त आहे.”

अर्ध्या तासात आम्ही तो नमुना आणि पिल्लू घेऊन गल्लीतल्या व्हेटकडे होतो. त्यांनी पट्टीवर आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. मूत्रमार्गाचा संसर्ग. लघवीला होताना जळजळ, सारखी लागल्याची भावना, आणि थोपवून धरता न येणं, सगळं त्यातलंच. कोणते जंतू आहेत ते बघायला, म्हणजे कल्चरसाठी, नमुना पाठवला, औषध सुरू केलं, कोर्स अर्धवट सोडायचा नाही असं बजावलं.

परत येताना रिक्षात ती बाई बुंदीला ओढणीत गुंडाळून बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे तिला दुखत होतं, आणि आम्ही तिचं नाक त्यात घासत होतो.” तिच्याइतकाच दोष माझ्या त्या फोनवरच्या सल्ल्याचाही होता, आणि मी तिला तसं सांगितलं. दिवसातून किती वेळा, किती, कसली, हे तीन प्रश्न तेव्हा विचारले असते तर त्या पिल्लाचे दोन आठवडे वाचले असते.

घरी आल्यावर फ्रिजवर एक कागद लावला. तासभर जागं, मग झोप. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाल्कनी. नर्सरीतून लॉनचा तुकडा आणून ट्रेमध्ये ठेवायचा. लस पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर न्यायचं नाही, पण कडेवर घेऊन रोज पाऊस, रिक्षा, छत्र्या दाखवायच्या. चावली की आवाज न करता उठून जायचं, अर्ध्या मिनिटाने परत. कागदाच्या वरच्या ओळीत मुलाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: आजीला विचारा.

साडेसहाला मी मुद्दाम पुन्हा गेले. वडिलांचं घरात येणं मला बघायचं होतं. बायकोने त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. मी जिन्यातच गाठून एवढंच म्हटलं की तिच्याकडे बघू नका, वाकू नका, हाक मारू नका. चपला काढा आणि बाजूला तोंड करून जमिनीवर बसा.

ते बसले. ऑफिसचे कपडे, ओले मोजे, भिंतीला पाठ. बुंदी आजींच्या मांडीवरून उतरली, थबकली, पोट जमिनीला लावून दोन पावलं पुढे, एक मागे. मी फरशीकडे बघत होते. कोरडी. चार-पाच मिनिटं गेली. मग ती सरपटत त्यांच्यापर्यंत गेली, मोज्याचा वास घेतला, आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकवून पडली.

त्यांनी हात उचलला नाही. विचारलं एवढंच, “आई, ही झोपेला आलीय का?”

“आलीय,” आजी म्हणाल्या. “हलू नकोस.”