ड्रम, ढोल आणि दोनशे लिटर पाणी

खान्देशात ‘ड्रम’ म्हटले की आधी वाद्य आठवत नाही, पाणी आठवते. वरातीत बँडवाल्याच्या गळ्यात असतो तोही ड्रमच, परंतु अंगणात, मोरीजवळ किंवा शेतातल्या विहिरीपाशी उभा असलेला निळा ड्रम हाच आमच्याकडे या शब्दाचा पहिला धनी आहे. जुनी माणसे त्याला अजूनही टिपाड म्हणतात आणि पुण्या-मुंबईकडे पिंप हा शब्द चालतो. वाद्यांसाठी ढोल, डफ, ताशा, संबळ अशी नावे आपल्याकडे पूर्वापार असल्यामुळे बाहेरून आलेला हा शब्द बहुतांशी भांड्याच्या वाट्याला गेला असावा, असे मला वाटते.

हा ड्रम साधारण २०० लिटरचा असतो. उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास आणि व्यास ६० सेंटिमीटरच्या थोडा आत. हे माप तेलाच्या व्यापारातून आले आहे. अमेरिकेत लाकडी पिपांच्या जागी ५५ गॅलनचा, म्हणजे सुमारे २०८ लिटरचा पोलादी ड्रम रूढ झाला आणि तेच माप जगभर पसरले. नेली ब्लाय यांच्या कारखान्यात काम करणारे हेन्री वेहरान यांनी १९०५ मध्ये अशा पोलादी ड्रमच्या रचनेची पेटंटे मिळवली. या नेली ब्लाय म्हणजे १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या पत्रकार. पतीच्या निधनानंतर कारखान्याची धुरा त्यांच्याकडे आली होती. लोखंडी ड्रमच्या अंगावर ज्या दोन गोल वरंब्या उठलेल्या दिसतात, त्या शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे पत्रा चेपत नाही आणि आडवा केलेला ड्रम त्यांच्यावर सहज घरंगळतो. भरलेल्या ड्रमचे वजन २०० किलोच्या वर जाते, तरीही सरावाचा हमाल तो किंचित कलता करून खालच्या कडेवर गोल फिरवीत एकटा हवा तिथे नेऊन ठेवतो.

आमच्याकडे हा ड्रम बहुधा वापरलेलाच विकत घेतला जातो. कारखान्यातले रसायन किंवा तेल संपले की तो भंगार बाजारात येतो आणि तिथून त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. दोन लहान बुचांचा बंद तोंडाचा ड्रम आडवा कापला की गुरांना पाणी पाजण्यासाठी दोन नांदी तयार होतात. रुंद तोंडाचा, झाकणाचा ड्रम घरात पाण्यासाठी राहतो. पत्र्याच्या ड्रममध्ये वाळवलेली दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात. डांबराचे ड्रम उभे चिरून, ठोकून सपाट केले की त्यांच्या पत्र्यांतून शेतातल्या खोपीचे दार होते, न्हाणीचा आडोसा होतो. अलीकडे बांधावरच्या झाडाखाली जीवामृताचा, म्हणजे घरी केलेल्या पातळ खताचा, ड्रम दिसतो. त्यात २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळतात. एका एकराचे प्रमाण २०० लिटर पाण्यावर बसवलेले असल्यामुळे शेतकऱ्याला वेगळे माप लागत नाही. भांडे हेच माप ठरते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि गावोगावी नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा घरातले ड्रम किती भरलेले आहेत यावर धुणे कधी काढायचे, पाहुण्यांना कधी बोलवायचे हे ठरते. म्हणूनच या भांड्याविषयी दोन गोष्टी मला कळकळीने सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की ज्या ड्रममध्ये कीटकनाशक किंवा औद्योगिक रसायन होते, तो कितीही घासला तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. प्लॅस्टिकच्या भिंतीत रसायन मुरते आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते. घेताना आत आधी काय होते हे विचारावे, अंगावरची चिठ्ठी खरवडून काढलेली असेल तर तो फक्त बांधकामाला वापरावा.

दुसरी गोष्ट डेंग्यूची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालतो आणि तीही पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटवून. ही काळी, बारीक अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी वर चढले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून उपयोग नाही. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत खसखसून घासावी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. जिथे पाणीच मोजून मिळते तिथे ते ओतून देण्यास माणूस कचरतो, हे मी समजू शकतो. अशा वेळी तळाचे पाणी झाडांना घालावे, ड्रम घासावा आणि नवे पाणी भरल्यावर जुन्या धोतराचे दुपदरी कापड तोंडावर ताणून सुतळीने घट्ट बांधावे. सैल टाकलेल्या झाकणाच्या फटीतून डास आत जातो, ताणलेल्या कापडातून जात नाही.

असे तोंड बांधलेले भांडे म्हणजे वाद्याचीच रचना आहे: पोकळ गोल आणि त्यावर ताणलेला पडदा. सातपुड्यात होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, त्या रात्री मोरपिसांचे टोप घातलेल्या, कमरेला घुंगरू बांधलेल्या गेरकऱ्यांची, म्हणजे होळीच्या नर्तकांची, पावले मोठमोठ्या ढोलांवर पडत असतात. हवेतल्या ओलीने कातडे सैल पडते आणि आवाज बसतो, म्हणून डफ वाजवण्याआधी आगीवर शेकतात. पडदा ताणला गेला की सूर चढतो. साध्या गोल पडद्यातून निघणारे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत नसतात, त्यामुळे ढोलाचा घुमारा अंगात भिनतो, पण त्यातून नेमका एक स्वर ऐकू येत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या कातड्यावरचा काळा लेप, म्हणजे शाई, हे वरचे सूर जवळपास पूर्ण पटींत आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये सविस्तर दाखवून दिले. आपल्या कानातला पडदाही याच जातीचा आहे. त्याची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर भरते.

यंत्रांतले ड्रम पुष्कळ आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकातला ब्रेकचा ड्रम, कपडे धुण्याच्या यंत्रातला, काँक्रीट मिक्सरचा, इतकेच काय १९५० च्या दशकातील संगणकांची स्मृतीही चुंबकीय लेप दिलेल्या फिरत्या ड्रमवर साठवली जाई. त्यांची नावे आकारावरून पडली, यापलीकडे त्यांत मला विशेष काही दिसत नाही.

भांड्याचे पुन्हा वाद्य झाल्याचे एक उदाहरण मात्र विलक्षण आहे. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर ब्रिटिश सत्तेने १८८० च्या दशकात कातड्याच्या ढोलांवर बंधने आणली, तेव्हा तिथल्या लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, पुढे डबे आणि पत्रे वाजवले आणि १९३०-४० च्या दशकांत टाकून दिलेल्या तेलाच्या ड्रमचा तळ हातोड्याने खोलगट ठोकून त्यात एकेक स्वर बसवला. त्या वाद्याला स्टीलपॅन म्हणतात. त्यावर पूर्ण चाल वाजवता येते आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला.