प्रमाणपत्र बरोबर होतं, घड्याळ चुकलं होतं

४ मेगाबिट वेगाने चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी चित्रण तयार करतो. ते सगळं क्लाउडला पाठवून तिथे माणसं मोजण्यात अर्थ नव्हता. कॅमेऱ्याशेजारच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावरच मोजणी केली, की पुढे जातो तो काहीशे बाइटचा निकाल. एज कम्प्युटिंग म्हणजे एवढंच: उत्तर जागेवर मिळतं, चित्रण बाहेर जात नाही आणि नेट गेलं तरी मोजणी चालू राहते.

माणसं ओळखणारं मॉडेल बसलं, मोजणी सुरू झाली. अडलं ते पाठवताना. निकाल एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायची पद्धत) ८८८३ या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारातून, सुरक्षित जोडणीने जायचे. ती जोडणी प्रत्येक वेळी तुटायची, लॉगमध्ये एकच ओळ: सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही. दोन दिवस मी नवनवीन प्रमाणपत्रं काढत बसलो. फुकट गेले! मुदत सुरू झालेली नाही म्हणजे आधी तारीख बघायची. तारीख तीन महिने मागे होती.

पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. त्यावरचं लिनक्स शेवटची वेळ मेमरी कार्डावर लिहून ठेवतं आणि सुरू होताना तिथूनच पुढे मोजतं. कार्ड खराब होऊ नये म्हणून मी ओव्हरले चालू केलं होतं, म्हणजे सगळे बदल फक्त रॅममध्ये राहायचे, कार्डावर काहीच लिहिलं जात नव्हतं. प्रत्येक वेळी घड्याळ ओव्हरले लावलं त्या दिवसावर परत. नेटवरून वेळ आली असती, पण फायरवॉलमध्ये फक्त ८८८३ उघडं होतं आणि नेटवरून वेळ आणणाऱ्या एनटीपीला यूडीपी १२३ हे पोर्ट लागतं. पोर्टच्या अर्जात हे पहिल्याच दिवशी लिहा. दुसऱ्यांदा मंजुरी मिळवणं हे वेगळंच दुखणं आहे.

१२३ उघडलं, शिवाय डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारं घड्याळ आय-स्क्वेअर-सीवर (पायच्या पिनांवरची चिप जोडायची वायर) जोडलं. ते वर्षाला फार तर मिनिटभर चुकतं. जोडण्याआधी ओव्हरले बंद करा, नाहीतर सेटिंग रीबूटला पुसलं जातं. या घड्याळाच्या स्वस्त मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल घालायचा तर आधी त्या सर्किटमधला रेझिस्टर काढा.

हो, आणि ओव्हरले असेल तर न गेलेल्या संदेशांची रांगही रॅममध्येच असते, वीज गेली की तीही जाते. ती वेगळ्या यूएसबी डिस्कवर ठेवा. एमक्यूटीटीच्या क्यूओएस १ मध्ये (पोच मिळेपर्यंत संदेश पुन्हा पाठवायची पातळी) एकच संदेश दोनदा पोचू शकतो, म्हणून प्रत्येकाला अनुक्रमांक द्या. दोन नोंदींमधलं अंतर मोजायला मात्र मोनोटॉनिक, म्हणजे तारीख बदलली तरी फक्त पुढेच मोजत जाणारं घड्याळच वापरा, कारण वेळ दुरुस्त होताना तारीख एकदम तीन महिने पुढे उडी मारते.