जुना फेरफार शोधताय? आधी सर्व्हे नंबर हातात घ्या

जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, 'घरबसल्या पाच मिनिटांत निघतो,' असं मला तिघांनी सांगितलं. तिघांपैकी एकानेही स्वतः काढलेला नव्हता. मला चार रात्री आणि पुण्याहून वाईची एक खेप लागली.

ई-अभिलेख या जुन्या जमीन-दप्तराच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन, जिल्हा, तालुका, गाव इथपर्यंत कोणीही पोचतं. खरी चढण आहे ती सर्व्हे किंवा गट नंबराच्या रकान्याची. मी आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर टाकत राहिलो आणि अलीकडचेच कागद येत राहिले. दोन रात्री मी धरूनच चाललो की आजोबांच्या वेळचं दप्तर स्कॅनच झालेलं नाही. साफ चूक. 1947 च्या कायद्याखाली जमिनीचे तुकडे जोडण्याची एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबर मोडून गट पडले. त्याआधीचे कागद जुन्या सर्व्हे नंबराखालीच लागतात.

तो नंबर मिळतो तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात. एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा मागा. आधी हा उतारा, मगच पोर्टल. उलट क्रमाने जाऊ नका.

मी धीर सोडून एका सायबर कॅफेवाल्याला 1200 रुपये मोजले. त्याने हातात ठेवल्या त्या मी स्वतः पाहिलेल्याच पानांच्या प्रिंट. सही नाही, शिक्का नाही. अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका.

आजच्या सातबाऱ्याच्या तळाला 'जुने फेरफार क्र.' असतात, ते आधी उतरवून घ्या. तुमची वाडी नंतर स्वतंत्र महसुली गाव झाली असेल तर मूळ गावाच्या नावाखाली शोधा. जुनं क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं. हेक्टर-आरशी जुळत नाही म्हणून घाबरू नका, 40 गुंठ्यांचा एकर म्हणजे साधारण साडेचाळीस आर.

चौथ्या रात्री साडेअकराला 1956 चा वारस फेरफार उघडला. टाकाच्या अक्षरात आजोबांचं नाव, 'मयत', आणि खाली बाबांचं. नावापुढे 'अ.पा.क. आई'. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन वारसाची पालनकर्ती, इथे माझी आजी. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. मी तेवढ्या रात्रीच त्यांना फोन लावला.

पान दुमडलेलं असताना स्कॅन झालंय, शेवटच्या दोन ओळी गेल्यात. फेरफार नंबर मात्र स्वच्छ आहे. तोच घालून सोमवारी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज देतोय.