वुडसाइडमधील लिटल मनिला: आंबटाच्या वाटेने एक रविवार

न्यू यॉर्कमध्ये फिलिपिनो जेवण जेवायचे असेल तर मॅनहॅटनमध्ये शोधाशोध न करता सरळ क्वीन्समधील वुडसाइड गाठावे, असे माझे मत गेल्या महिन्यातील एका रविवारनंतर पक्के झाले आहे. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर साधारण ६३व्या रस्त्यापासून ७१व्या रस्त्यापर्यंतच्या पट्ट्याला लिटल मनिला म्हणतात. २०२२च्या जूनपासून ७०व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘लिटल मनिला ॲव्हेन्यू’ अशी पाटीही आहे. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील लोकांसाठी अधिक उघडली, त्यानंतर फिलिपिन्समधून मोठ्या संख्येने परिचारिका येथे आल्या, आणि जवळच असलेल्या एल्महर्स्टच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयामुळे या भागात त्यांची वस्ती वाढत गेली. त्यामुळे येथील खाणावळी पाहुण्यांसाठी थाटलेल्या नाहीत. कामाची पाळी संपवून आलेल्या माणसाला घरचा भात मिळावा, याच गरजेतून त्या उभ्या राहिल्या आहेत.

आम्ही तिघे न्यू जर्सीतील एडिसनहून निघालो: मी, यजमान आणि वेंगुर्ल्याहून आलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई. जाऊबाई माळकरी आहेत, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. एडिसनहून पेन स्टेशनला उतरल्यावर तेथूनच लाँग आयलंड रेल्वे धरली तर वुडसाइड दहा-बारा मिनिटांत येते. मॅनहॅटनमध्ये राहणाऱ्यांना ७ क्रमांकाची गाडी सोयीची आहे. तिने जाताना ६९व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावे म्हणजे आपण वस्तीच्या मध्यावरच येतो. मात्र कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी धावणारी जलद गाडी या स्थानकावर थांबत नाही, म्हणून फलक वाचूनच चढावे. रविवारी चर्चमधील प्रार्थना आटोपून सहकुटुंब जेवायला येण्याची पद्धत असल्यामुळे बारा ते दोन या वेळात टेबल मिळणे कठीण जाते. आम्ही अकराला पोहोचलो आणि ते शहाणपणाचे ठरले.

पहिल्यांदा जाणाऱ्याने हे जेवण ‘चिनी जेवणासारखे काहीतरी’ असेल अशा समजुतीने मागवू नये. त्याचा कणा आंबटपणा आहे. शिरका, चिंच, कालामान्सी नावाचे इवलेसे लिंबू आणि कामियास, म्हणजेच आपल्याकडील बिंबले, यांनी हे पदार्थ उभे राहतात. ज्या कोकणी माणसाला आमसूल आणि सोलकढी यांशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, त्याने येथे आंबटाचे बोट धरून चालावे.

म्हणूनच आधी सिनिगांग मागवावे. आम्ही कोळंबीचे मागवले. मोठ्या वाडग्यात पातळ, जवळजवळ पारदर्शक रस्सा, त्यात मुळ्याच्या चकत्या, नाळीची भाजी, चवळीच्या शेंगा, अळकुडीचे विरघळत आलेले तुकडे आणि न चिरलेली एक लांब हिरवी मिरची असा तो प्रकार होता. पहिल्या घोटाला चिंच जिभेच्या दोन्ही कडांना लागते, मग अळकुडीचा चिकटसर मऊपणा येतो, आणि मिरचीचा वास तेवढा मागे राहतो, तिखटपणा नाही. मिरची फोडायची की नाही हे खाणाऱ्याने ठरवायचे. हा रस्सा नुसता पिऊ नये. साध्या भातावर थोडा थोडा घेत खावा, तरच त्याचे मीठ आणि आंबट नीट बसते.

यजमानांचे शिक्षण गोव्यात झाले असल्यामुळे डुकराच्या रक्तात आणि शिरक्यात शिजवलेले दिनुगुआन त्यांना आपल्या सोरपोतेलचा भाऊबंद वाटले. तव्यावर चरचरत येणारे सिसिगही त्यांनीच संपवले. डुकराच्या डोक्याचे मांस बारीक चिरून केलेला हा पदार्थ पांपांगा प्रांतातला. भाजलेल्या मांसासाठी ७०व्या रस्त्यावरील ‘इहावान’ प्रसिद्ध आहे, आणि न्याहारीच्या ताटांसाठी व हालो-हालोसाठी रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरील ‘रेनीज किचनेट’. न्याहारीच्या ताटांची नावे एकदा उलगडली की सोपी वाटतात: ‘सिनांगाग’ हा लसूण घालून परतलेला भात आणि ‘इत्लोग’ हे अंडे, त्यांतून ‘सिलोग’ झाले, आणि त्याच्या आधी मांसाचे नाव जोडायचे. ‘तापसिलोग’मधील तापा बहुधा गोमांसाचा असतो आणि शेंगदाण्याच्या रश्श्यातील कारे-कारे हे बैलाच्या शेपटीचे असते, ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी आधीच विचारून घ्यावे.

आता शाकाहारी मंडळींविषयी, कारण याच बाबतीत आमची चूक झाली. एका खाणावळीत मी पिनाकबेत मागवले. भेंडी, वांगे, कारले आणि तांबडा भोपळा यांची ती भाजी. ‘फक्त भाज्या आहेत ना?’ असे मी विचारले आणि ‘हो’ असे उत्तर मिळाले. ताट आले, जाऊबाईंनी घास उचलला आणि तोंडापाशी नेऊन तसाच खाली ठेवला. ‘अगं, ह्यात जवळा आहे,’ त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात मुरवून केलेला बागोओंग हा तेथील स्वयंपाकात मिठासारखाच वापरला जातो, आणि बहुतेकांच्या लेखी त्याने भाजीचे भाजीपण जात नाही. ज्या बाईंनी आम्हाला वाढले त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझा प्रश्नच अपुरा होता. तेव्हा ‘मांस नाही ना’ एवढे विचारून थांबू नये. ‘बागोओंग नको, पातिस नको’ असे नाव घेऊन सांगावे. पातिस म्हणजे मासळीचे खारे पाणी. नारळाच्या दुधात शिजवलेले लाइंग हे तर अळूच्या फदफद्याचे सख्खे भावंड, पण त्यातही बागोओंग आणि अनेकदा मांस असते, याची मला फार हळहळ वाटली.

जाऊबाईंचे पोट मग गोडाने भरले. बिको हा नारळाच्या दुधात आणि गुळासारख्या काळसर साखरेत शिजवलेला चिकट तांदूळ, आणि सुमान हा तसलाच तांदूळ केळीच्या पानात बांधून उकडलेला. खांतोळी आणि पातोळ्या करणाऱ्या बाईला यांची ओळख करून द्यावी लागत नाही. हालो-हालो म्हणजे ‘ढवळ-ढवळ’: किसलेल्या बर्फाखाली गोड घेवडे, फणस, नारळ आणि वर जांभळे उबे. अंडे चालत नसेल तर वरचा कस्टर्डचा तुकडा, म्हणजे लेचे फ्लान, घालू नका असे सांगावे. हे जांभळे उबे म्हणजे आपले कोनफळच, हे कळल्यावर जाऊबाईंनी पेला दोन्ही हातांनी उजेडात धरून पाहिला. वसईकडे आणि कोकणात कोनफळ थंडीत उकडून किंवा भाजीत खातात. त्याचे आइसक्रीम होते हे त्यांना नवीन होते. एवढ्यावर ज्यांचे भागणार नाही त्यांनी पाच रस्ते पुढे ७४व्या रस्त्यावर, जॅक्सन हाइट्समधील भारतीय बाजारात चालत जावे.

जॉलिबी या फिलिपिनो फास्ट फूड साखळीचेही सांगते, कारण मुले बरोबर असली की ते टळत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांचे पहिले दुकान २००९ साली येथेच उघडले. तळलेली कोंबडी उत्तम असते आणि स्पॅगेटी चांगलीच गोड; परंतु एकच जेवण जेवायचे असेल तर ते येथे खर्ची घालू नये.

काही ठिकाणी ‘तुरो-तुरो’ पद्धत आहे. तुरो म्हणजे बोट दाखवणे. मांडलेल्या पदार्थांकडे बोट दाखवायचे आणि ताट भरून घ्यायचे. नावे येत नसणाऱ्यांना याहून सोपी सोय नाही. वाढणाऱ्या बाईंना ‘आते’ म्हणावे. त्यांच्या भाषेत ती थोरली बहीण आणि आपल्याकडे वडिलांची बहीण, पण दोन्हीकडे ताट भरते. ‘जेवलात का?’ हा त्यांच्याकडेही ख्यालीखुशालीचाच प्रश्न आहे. थोडी रोकड जवळ ठेवावी, आणि निघण्यापूर्वी दुकान त्या दिवशी उघडे आहे ना याची खात्री करावी.

परतण्याआधी ७०व्या रस्त्यावरील ‘फिल-ॲम फूड मार्ट’मध्ये जरूर जावे. बागोओंगची बरणी घेतलीत तर ती दोन पिशव्यांत बांधून घ्यावी, नाहीतर गाडीभर वास पसरतो. शीतकपाटात शेवग्याचा पाला आणि केळीची पाने होती, आणि तेथेच जाऊबाईंचा हात एका पाकिटावर थांबला. ‘ही आपली बिंबलं,’ त्या म्हणाल्या. वेंगुर्ल्याच्या घराच्या परसात त्यांचे झाड आहे. ते पाकीट आम्ही घेतले. दुसऱ्या दिवशी कांदा, टोमॅटो, मुळा, अळकुडी आणि नाळीची भाजी उकळून, बिंबले ठेचून घालून, मासळीच्या पाण्याऐवजी साधे मीठ टाकून त्यांनी स्वतः सिनिगांग केले, आणि भातावर दोनदा घेतले.