माणूस मिळंना म्हणताय, पण शोधला कुठं?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत चहाच्या गाड्यावर कुणीही दोन मालक उभे राहिले की तिसऱ्या मिनिटाला विषय ठरलेला असतो, माणूस मिळत नाही. मीपण दहा वर्षं हेच रडगाणं गायलोय. माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तसंच मिलिंग मशीन), बाकी जुने लेथ, आणि माणसं सगळी चौदा. त्यामुळे हे काय एचआरवाल्याचं ज्ञान नाही, ठेच खाऊन आलेली अक्कल आहे तेवढी.

पहिली ठेच सांगतो. सीएनसीचा चांगला ऑपरेटर सोडून गेला आणि माझ्याकडं ऑर्डर पडलेली. घाबरून एका कन्सल्टन्सीला फोन लावला, त्यांनी एका महिन्याच्या पगाराएवढी फी घेतली आणि पुण्याकडचा एक पोरगा पाठवला. बायोडाटा असा की मीच त्याच्याकडं कामाला लागावं. तेविसाव्या दिवशी सकाळी फोन, "सर, इकडं मन लागत नाही." त्याचं तरी काय चुकलं, मित्र नाहीत, रूमवर एकटा, संध्याकाळी जाणार कुठं. चूक माझी, कारण त्याच महिन्यात मला कळलं की माझ्या दारापासून चार किलोमीटरवरच्या बामणोलीचा एक पोरगा त्याच प्रकारच्या सीएनसीवर चाकणला काम करतोय आणि घरी यायला तडफडतोय. हे मला कुणी सांगितलं, तर आमच्या वेल्डरनं. आणि कधी, तर मी विचारल्यावर! दोन महिने तो माझी धावपळ बघत होता पण मालकानं विचारलंच नाही तर आपण कशाला बोला.

तेव्हापासून माझा पहिला नियम, जागा निघाली की आधी शॉपमध्ये सांगायचं. ह्यांचे मामे-चुलत भाऊ, आयटीआयच्या बॅचचे ग्रुप, गावातली तालीम, गणपती मंडळ, कुणाचं कुठं काय चाललंय हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्या ॲपला माहीत नसतं. शिवाय आपल्या ओळखीनं आणलेल्या पोराला तेच सांभाळून घेतात, नाहीतर त्यांचीच इज्जत जाते. फक्त एक काळजी घ्यायची, सगळे एकाच भावकीचे भरले की एका लग्नाला अख्खं शॉप बंद. हसू नका, झालंय माझ्याकडं.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडची निम्मी शिकलेली पोरं भोसरी, चाकण, रांजणगावला आहेत, पण गणपतीत आणि दिवाळीत ती झाडून घरी असतात. मी आता गणपतीच्या आठ दिवस आधी बुधगाव, कवलापूर, सावळी, मालगाव इकडच्या मंडळांच्या ग्रुपवर मेसेज टाकतो आणि मेसेजमध्ये पगार लिहितो. हे पगार लिहिणं फार महत्त्वाचं आहे बरं का, आपल्या जाहिराती बघा की, 'अनुभवी ऑपरेटर पाहिजेत, पगार योग्यतेनुसार, समक्ष भेटा'. तिकडं बसलेला पोरगा 'योग्यतेनुसार' वाचून सुट्टी टाकून समक्ष भेटायला कशाला येईल? पगार, शिफ्ट, सुट्टीचा वार, पीएफ आहे का नाही, ओव्हरटाइम सिंगल का डबल, एवढं लिहिलं की फोन कमी येतात पण कामाचे येतात.

आणि त्याच्याशी बोलताना सरळ हिशोब मांडायचा. त्या बामणोलीच्या पोराला तिकडं बावीस हजार होते. कॉट बेसिसच्या खोलीचे साडेतीन, मेसचे साडेतीन, येण्या-जाण्याचं पेट्रोल दोन, गावाकडच्या फेऱ्या दीड, हातात राहिले साडेअकरा. मी सतरा देत होतो, डबा घरचा, पेट्रोल दोन हजार धरलं तरी पंधरा उरतात. हा हिशोब मी त्याच्यापुढं नाही, त्याच्या वडिलांपुढं सोप्यावर बसून मांडला. वडिलांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पगार कितव्या तारखेला व्हतोय?" सात तारखेला म्हटलं. तिथंच ठरलं. आता ह्यावरून कुणी गावचा पोरगा म्हणून कमी पगारात राबवून घ्यायचा अर्थ काढू नका, दुसऱ्या वर्षी त्याला मी एकोणीस केले, नाही केले असते तर तो गेला असता आणि बरोबरच केलं असतं.

तिसरं म्हणजे आयटीआय. सांगली मिरजेचं धरून तालुक्या-तालुक्याला सरकारी आयटीआय आहे, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर असे ट्रेड असतात, आणि आपण तिथं जातो कधी, तर रिझल्ट लागून चांगली पोरं उडून गेल्यावर. मी आता परीक्षेच्या आधीच एक चक्कर मारतो. प्राचार्यांना नाही, वर्कशॉपमधल्या निदेशक सरांना भेटतो. 'सर, टॉपचा नको, वेळेवर येणारा कोण आहे सांगा.' सरांना बरोबर माहीत असतं. अप्रेंटिसचंही बघून ठेवा, १९६१ च्या कायद्यानं तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि चार ते एकोणतीसमध्ये आपली मर्जी, म्हणजे माझ्यासारख्याला सक्ती नाही तरी मी दोघं घेतो. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त महिन्याला १५०० रुपये, सरकार उचलतं. पोर्टलवर नोंदणीला एक दिवस डोकं जातं खरं, पण वर्षभर माणूस डोळ्यासमोर राहतो, ह्याच्यासारखा इंटरव्ह्यू नाही. महास्वयं ह्या सरकारी रोजगार पोर्टलवर पण जागा टाका, फुकट आहे, रोजगार मेळाव्यात टेबल लावा. मला तिथून एकच मिळालाय पण तो टिकलाय.

इंटरव्ह्यू म्हणजे काय घ्यायचं हापण प्रश्नच. मी बायोडाटा बाजूला ठेवतो आणि हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायची जबड्याची पट्टी) आणि एक बुश (पोकळ गोल नळकांडं) देतो, माप सांग म्हणून. गेल्या खेपेला दोघं आले होते. पहिल्यानं बुश धरला, जबडे आवळले आणि धडाधड सांगितलं, चोवीस पॉइंट चार. दुसरा आधी गप्पच. खिशातलं फडकं काढलं, बुश पुसला, व्हर्निअरचे जबडे पुसले, ते मिटवून शून्यावर शून्य येतंय का बघितलं, मग माप घेतलं, बुश थोडा फिरवून परत घेतलं, खिडकीकडं वळून बघितलं आणि म्हणाला चोवीस पॉइंट अडतीस. वीस मायक्रॉनपर्यंत, म्हणजे ०.०२ मिलिमीटरपर्यंत, मोजणाऱ्या व्हर्निअरवर तेवढंच बरोबर होतं. पहिल्याला तीन वर्षांचा अनुभव आणि दुसऱ्याला आठ महिन्यांचा. कुणाला घेतला सांगायला नको.

बायकांचं तर आपण डोक्यातच घेत नाही. माझ्याकडं इन्स्पेक्शनला दोन ताई आहेत, एक सायन्स ग्रॅज्युएट, लग्न होऊन इकडं आलेली, चार वर्षं घरीच होती. तिची अडचण कामाची नव्हतीच, एसटीची होती. साडेआठची शिफ्ट आणि बस पोचायची पावणेनऊला. मी त्या टेबलची वेळ नऊ केली आणि वेगळं टॉयलेट बांधलं, संपला विषय. तेव्हापासून कस्टमरकडून रिजेक्शन किती कमी झालं ते सांगितलं तर शेजारचा मालक उद्या तिलाच फोन लावेल.

अनुभवी, तयार माणूसच पाहिजे हा हट्ट मात्र मला आता कळेनासा झालाय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर (आताची किर्लोस्करवाडी) कारखाना काढला तेव्हा आसपास कोण फौंड्रीतला तज्ज्ञ बसला होता? आजूबाजूच्या गावची माणसं घेतली, शिकवली, त्यांच्याकडून लोखंडी नांगर करून घेतले. राखणीला तर शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली म्हणतात. आणि आपण इथं दोन वर्षं आयटीआय केलेल्या पोराला 'अनुभव नाही' म्हणून गेटवरून परत पाठवतो.

अर्थात सगळं जमलंय असं नाही. रात्रपाळीला अजून माणूस नाही, टूल रूमची, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्याची, जागा पाच महिने मोकळी आहे, त्याला खरंच इथं कुणी मिळंना. परवा शनिवारी आरगचा एकजण ट्रायलला येणार आहे, फोनवर तरी बरा वाटला. बुश टेबलावर काढून ठेवलाय, मुद्दाम तेल आणि चिप (धातूचा कीस) लागलेलाच. हे वाचून फडकं घेऊन आला तर येऊ दे.