काचेवरचं ग्रॅज्युएशन

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी 31 वर्षं काढली. तिथे ग्रॅज्युएशन म्हणजे काचेवरच्या रेघा. ब्युरेट म्हणजे द्रव मापून थेंबाथेंबाने सोडायची उभी काचेची नळी. तिच्यावर शून्य वर, 50 खाली, आणि प्रत्येक मिलिलिटरचे दहा भाग. आकडे वरून खाली वाढतात, त्यामुळे अकरावीच्या पोरांचा पहिला गोंधळ इथेच. "मावशी, हिचं ग्रॅज्युएशन गेलंय" म्हणत कुणीतरी ब्युरेट माझ्यापुढे धरायचं. धुऊन धुऊन रेघांमधला रंग उडालेला असायचा. मी पेन्सिलीचं शिसं घासायचे आणि कोरड्या फडक्याने पुसायचे. खाचेत काळं बसलं की रेघ पुन्हा दिसायला लागायची. परमँगनेटचं गडद जांभळं पाणी असेल तर द्रवाची खालची कड दिसत नाही, वरची वाचा, हे सरांच्या आधी मीच सांगून टाकायचे.

आणि ही मावशी स्वतः बारावी पास!

लॅबच्या बाहेर मात्र हा शब्द वेगळाच चालतो. माझा अमेरिकेतला भाचा एकदा सुट्टीला आला होता. त्याने माझ्या मुलीला विचारलं, "ताई, तुझं ग्रॅज्युएशन कधी?" ती म्हणाली, "चालू आहे ना, सेकंड इयरला आहे." तो गोंधळला. त्याला तारीख हवी होती, म्हणजे झगा, टोपी, फोटो. तिकडे शाळा संपली तरी ग्रॅज्युएशनच म्हणतात. आपल्याकडे ग्रॅज्युएशन तीन वर्षं चालतं, कुणाचं रखडतं, कुणाचं लग्नामुळे अर्धवट राहतं. त्या समारंभाला आपण पदवीदान म्हणतो, आणि निम्मी पोरं तिकडे फिरकतही नाहीत. सर्टिफिकेट मागाहून कॉलेजच्या खिडकीवर घेतात. हल्ली सीनिअर केजीच्या पोरांनाही काळे झगे घालतात, त्याबद्दल मी काही बोलत नाही. नात रागावेल.

रेघांना आणि पदवीला एकच शब्द का, हे मी एका सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, लॅटिनमध्ये ग्रॅडस म्हणजे पायरी, पाऊल. डिग्रीही त्यातूनच आली, थर्मामीटरवरची आणि भिंतीवरची, दोन्ही. मला गंमत वाटली ती आपल्या शब्दाची. पदवीतही पद आहेच, म्हणजे पाऊल. संस्कृतात पदवी म्हणजे आधी वाट, मग हुद्दा. हिंदीवाले स्नातक म्हणतात, म्हणजे गुरूकडचं शिकणं संपवून न्हालेला. आम्ही ब्युरेट न्हाऊ घालायचो, तेवढाच काय तो आमचा संबंध.

बेचाळिसाव्या वर्षी मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाव घातलं. संपर्क वर्ग रविवारी असायचे आणि रविवारीच घरात पाहुणे. इतिहासाच्या पुस्तकात वाचलं की मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. 1862 साली झाले, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर. त्या पानावर माझा बोटाचा तेलकट ठसा अजून आहे, कारण मी भजी तळत वाचत होते. 2016 ला पास झाले.

मग 2019 ला कॉलेजात विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या मतदार नोंदणीचे अर्ज आले, नमुना 18. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, तीही 1 नोव्हेंबरपर्यंत. मी बोटांवर मोजलं, बसत होतं. सर्टिफिकेटची झेरॉक्स लावली आणि सही ठोकली.

1 डिसेंबर 2020 ला मास्क लावून मतदानाला गेले. मतपत्रिका पंचांगाएवढी लांब. बटण नाही, शिक्का नाही. तिथलंच जांभळं पेन घेऊन नावापुढे पसंतीचा आकडा घालायचा. मी 1 घातला, बाकीच्यांचं काही ठरत नव्हतं.

बाहेर आले तर आमच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर टेबलावरच्या मुलाशी भांडत होते. ही यादी दर वेळी नव्याने करतात, जुनं नाव चालत नाही, आणि त्यांनी अर्ज भरलाच नव्हता.

"अरे, मी 78 चा ग्रॅज्युएट आहे!"

मुलाने पुन्हा एकदा यादीवरून बोट फिरवलं. "नाही हो सर."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी पदराआड शाईचं बोट लपवलं.