फोनला मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर होतो का?

होतो, पण अर्धा. आणि जो अर्धा होत नाही त्याचं कारण फोन कमी ताकदीचा असतो हे नाहीये. आत्ताच्या चांगल्या फोनचा प्रोसेसर रोजच्या ऑफिसकामाला पुरून उरतो.

तशी ही आयडिया जुनीच आहे बरं का. २०११ ला मोटोरोलाचा अ‍ॅट्रिक्स आलेला, लॅपटॉपसारख्या दिसणाऱ्या डॉकला फोन मागून खोचायचा की झालं. मग २०१३ ला उबुंटू एज नावाच्या अशाच एका फोनसाठी लोकांकडून ३.२ कोटी डॉलर गोळा करायचं ठरलं, त्याच्या निम्मेही जमले नाहीत आणि फोन निघालाच नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये ल्युमिया ९५० फोनबरोबर कंटिन्यूम आणलं, तेही मॉनिटर लावून फोन कॉम्प्युटरसारखा वापरायचंच, पण त्यात विंडोजचे नेहमीचे प्रोग्रॅम चालायचेच नाहीत, मग घेणार कोण? टिकलं ते सॅमसंगचं डेक्स, मॉनिटरवर वेगवेगळ्या विंडो उघडून देणारं, २०१७ ला एस ८ फोनबरोबर आलेलं.

आता जोडाजोडी. फोनला यूएसबी-सी आहे म्हणजे मॉनिटर चालेलच असं नाही, त्या पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे मॉनिटरवर चित्र दाखवणारा सिग्नल बाहेर यावा लागतो आणि बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो येतच नाही, भोक मात्र सेम टू सेम. त्यामुळे हब (फोनला मॉनिटर, कीबोर्ड, माउस एकत्र जोडायची डबी) घेण्याआधी फोनचं स्पेसिफिकेशन बघा. हब पण चार्जिंग पास करणारा घ्या, नाहीतर बॅटरी बघता बघता उतरते. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आलं, मॉनिटरही लागतो, पण फोनवर जे दिसतं तेच मोठं होऊन दिसतं, वेगवेगळ्या विंडो वगैरे विसरा.

खरी गोची पुढे आहे. फोनची सिस्टिम बनलीये ती माणूस एका वेळी एकच गोष्ट बघतो असं धरून, म्हणजे तुम्ही ज्याच्याकडे बघत नाही ते बॅटरी आणि मेमरी वाचवायला खुशाल बंद केलं जातं. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडून, बाजूला शीट ठेवून काम करायची सवय असेल तर परत गेल्यावर टॅब पहिल्यापासून लोड होतो, अर्धवट भरलेला फॉर्म गेला की डोकं फिरतं. टर्मक्समध्ये (फोनवर लिनक्सच्या कमांड चालवायचं अ‍ॅप) कोडिंग करणाऱ्यांना तर माहितीच असेल, अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅप्सनी मागे सुरू केलेल्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेली छोटी कामं, सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या की सिस्टिम मारून टाकते. कॉम्प्युटर सहसा असं करत नाही, तो फार तर स्लो होतो.

बाकी किरकोळ. फोन आला की वायर लावलेला फोन कानाला कसा लावणार, ब्लूटूथ इअरफोन लागतोच. कव्हर काढून ठेवा, तापला की स्पीड पडतो.

मी लिहिणं, मेल, व्हिडिओ कॉल हे सगळं असंच करतो आणि मजेत करतो. मोठी शीट किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर नाही करत, अ‍ॅपमध्ये निम्मे ऑप्शनच नसतात आणि ब्राउझरला डेस्कटॉप साइट सांगितली तरी काही साइट ऐकत नाहीत.

२०२५ ला गूगलनं पिक्सेलमध्ये लिनक्स टर्मिनल दिलं, आत चक्क डेबियन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं लिनक्स चालतं, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे फोनच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये. माझी सगळी उत्सुकता आता तिकडे आहे, कारण लिनक्सचे खरे प्रोग्रॅम नीट चालायला लागले तर अ‍ॅपवाल्यांच्या निम्म्या ऑप्शनवर भागवायची गरजच उरणार नाही.